पाच पायऱ्यांचं पुट अप

या हो, असे दाराशी काय बसलात? खुर्ची पुढे ओढा, पंखाही इकडेच लागतो. एक गोष्ट सांगतो. आमचे बुवा निरूपणात गातात तशी गाऊन नाही सांगता येणार मला, गळ्याची ती कृपा माझ्यावर झालेली नाही, आणि तसंही सध्या तोंड उघडलं की सुरापेक्षा संतापच आधी बाहेर पडतो. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. दोन इंग्रजी शब्दांची आहे. बुवा म्हणतात, कितीही माजलेला राक्षस असो, त्याच्या मरणाची सोय देवाने कुठेतरी करून ठेवलेली असते. मी नम्रपणे सांगतो, या दोन शब्दांच्या मरणाची सोय करायला देव विसरला आहे.

तर झालं असं. माझी मोठी बहीण, आक्का, एकोणऐंशी वर्षांची. आमच्याकडेच असते. तिला दोन गोष्टींचं वेड. एक, माझं काय चुकतं ते चारचौघांत सांगणं, आणि दुसरं, बुवांचं निरूपण. आमच्या गल्लीच्या टोकाला पालिकेचं छोटं सभागृह आहे, तिथे बुवा दर शनिवारी गात गात निरूपण करतात. सभागृहाला पाच पायऱ्या आहेत. उंच, गुळगुळीत, आणि धरायला दोन्ही बाजूंना फक्त हवा. मागच्या वर्षी आक्का तिसऱ्या पायरीवरून घसरली. हाड वाचलं, पण गुडघा आणि धीर दोन्ही गेले. तेव्हापासून ती बाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसते. बुवा माइक वापरत नाहीत. म्हणजे आक्काला अर्धं निरूपण ऐकू येतं आणि अर्धी रहदारी. घरी येऊन विचारते, "अरे धाकट्या, तो राजा वनात गेला तिथपर्यंत कळलं, मग एक ट्रक गेला. पुढे त्याचं काय झालं?" मी सांगतो. पण मी सांगितलेला राजा तिला पटत नाही. म्हणते, "तुझा राजा भाषण ठोकतो. बुवांचा राजा रडतो."

अशात बुवांनी जाहीर केलं की घसा साथ देत नाही, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय. महिनाअखेरचा शनिवार शेवटचा. त्यानंतर नाही.

आक्का त्या दिवशी जेवायला बसली नाही. मग म्हणाली, "शेवटचं तरी समोर बसून ऐकायचं होतं रे." झालं. त्याच क्षणी मी ठरवलं, पायऱ्यांना कठडा लावायचा. एक लोखंडी पाइप, तीन खांब. पाच आठवडे हातात होते. पाच आठवड्यांत लोक आख्खी घरं बांधतात.

आमची ही म्हणाली, "वेल्डरला बोलवा आणि लावून टाका. कोण विचारतंय?"

इथे माझी चूक झाली. मी म्हणालो, "सार्वजनिक वास्तू आहे. रीतसर परवानगी घेऊ."

हिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बायका दूध उतू जाताना बघतात. काही उपयोग नसतो, पण नजर हटत नाही.

खालच्या मजल्यावर एक विमावाले राहतात. त्यांनी सल्ला दिला की अर्ज तीन प्रतींत करा, आणि अर्जात 'कठडा' लिहू नका, 'सुरक्षा व्यवस्था' लिहा, वजन पडतं. शेजारचे इंग्रजीचे सर, आता निवृत्त, म्हणाले अर्ज इंग्रजीत करा, साहेब लोक मराठी अर्ज खालच्या गठ्ठ्यात ठेवतात. मी दोघांचं ऐकलं. माणसाने सल्ला ऐकावा, पण एका वेळी एकाचाच, हे मला आता कळतंय. त्या अर्जात शेवटी सगळं होतं, फक्त पायऱ्यांना पाइप लावायचाय हे शोधून काढावं लागत होतं.

पालिकेत आवक-जावकची खिडकी आहे. खिडकीवर चाराचा आकडा, आत एक बाई, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी तिन्ही प्रतींवर धपाधप शिक्के मारले आणि म्हणाल्या, "आठ दिवसांनी या, काका." आवाज गोड होता. मला वाटलं, काम झालं. माणूस किती भोळा असतो बघा.

आठ दिवसांनी माझ्या अर्जाची फाईल झाली होती. वर नाडी, आत माझा अर्ज, आणि समासात हिरव्या शाईत लिहिलेलं: पुट अप विथ ड्रॉइंग. खाली सही. सही अशी की लहान मुलाने भिंतीवर पेन्सिल घासावी.

मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि तडक सरांकडे गेलो. सरांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत त्यांना कोणी इंग्रजी विचारलं नव्हतं. खुर्चीत सावरून बसले आणि बोटं मोजायला लागले. "पुट अप म्हणजे उभारणे. तंबू, भिंत, काहीही. पुट अप म्हणजे भिंतीवर टांगणे. पुट अप म्हणजे पाहुण्याला रात्रीपुरतं ठेवून घेणे. आणि पुढे विथ आलं, तर निमूटपणे सहन करणे."

"मग 'पुट अप विथ ड्रॉइंग' म्हणजे? ड्रॉइंग निमूटपणे सहन करा?"

सर विचारात पडले. "व्याकरणाने तसंच निघतं," म्हणाले. "पण संदर्भ तपासावा लागेल." आणि जाडजूड शब्दकोश काढून पाऊण तास संदर्भ तपासला. चहा दोनदा झाला. शेवटी म्हणाले, "हा वापर माझ्या कोशात नाही." म्हणताना असे दुखावले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. प्रश्न माझा, आणि सांत्वन त्यांचं.

शेवटी चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "साधं आहे काका. पुट अप म्हणजे परत वर सादर करा. साहेब फाईल बघतात, पुट अप लिहितात, फाईल खाली येते. आम्ही एक कागद जोडून वर पाठवतो. साहेब बघतात, पुट अप लिहितात, खाली येते."

"आणि मग मंजूर कधी होते?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "ड्रॉइंग जोडा," म्हणाल्या.

ड्रॉइंग जोडलं. एका पाइपाचं ड्रॉइंग! नकाशे काढणाऱ्याने सांगितलं की पायऱ्यांच्या मूळ नकाशाची नक्कल लागेल, ती अभिलेख कक्षात मिळेल. अभिलेख कक्षात एक गृहस्थ पिशवीतून शेंगा काढून खात होते. त्यांनी सभागृहाचा मूळ नकाशा शोधून दिला, हे मान्य करतो. पण त्या नकाशात पायऱ्याच नव्हत्या! सभागृह सपाट जमिनीवर काढलेलं. गृहस्थ म्हणाले, "कागदोपत्री तिथे पायऱ्या नाहीत. मग कठडा कशाला लावता?"

मी म्हणालो, "अहो, माझी बहीण त्याच पायरीवरून पडली!"

"कागदोपत्री पडू शकत नाही," ते म्हणाले, आणि शेंग सोलली.

सांगा, यावर माणसाने काय करावं? मी घरी येऊन आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मग माझा गुडघा कागदोपत्री दुखत नसेल. ऑफिसात नेऊन दाखव बरं जरा."

पुढचा शेरा: पुट अप विथ फोटो. कशाचा फोटो? कठडा नसल्याचा. जी वस्तू नाही तिचा तीन बाजूंनी फोटो. मी पायरीवर उभा राहून रिकाम्या हवेचे फोटो काढत होतो आणि येणारेजाणारे थांबून त्या हवेकडे बघत होते. विमावाल्यांनी येऊन सुचवलं की फोटोत मोजपट्टी धरा, म्हणजे किती नाही ते कळेल.

मग शेरा आला: पुट अप आफ्टर इन्स्पेक्शन. कनिष्ठ अभियंता आले ते मंगळवारी, सभागृहाला कुलूप असताना. मी धावत गेलो. "साहेब, पायऱ्या बाहेर आहेत, कुलपाची गरज नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुलूप दोनदा ओढून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. फाईलमध्ये त्यांची टीप होती: स्थळ पाहिले. कुलूप सुस्थितीत. त्याखाली हिरव्या शाईत नुसतंच पुट अप. आता विथही नाही आणि आफ्टरही नाही. काय जोडायचं तेही सांगितलेलं नाही. मला तर वाटलं आता स्वतःलाच नाडीत बांधून घ्यावं आणि वर जावं.

पाच दिवस उरले होते. गेलोच मी. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये. चांगले इस्त्रीचे कपडे घातले होते, हिने बजावलं होतं आवाज चढवू नका म्हणून. साहेब फार सभ्य निघाले. बसायला सांगितलं, पाणी मागवलं. सभ्य माणसावर चिडता येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा अन्याय.

मी म्हणालो, "साहेब, माझी फाईल चार वेळा वरखाली झाली."

"बरोबर. काम चालू आहे."

"पण कठडा नाही लागला."

"मी नाकारलं का?"

"नाही."

"एका शब्दाने तरी?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे आपली?" आणि ते इतक्या आपुलकीने हसले की क्षणभर मलाही वाटलं, खरंच, माझी तक्रार काय आहे? "हे बघा," ते म्हणाले, "माझी सव्वीस वर्षं सेवा झाली. या टेबलावरून एकही फाईल मी नाकारलेली नाही."

"आणि मंजूर किती केल्यात?"

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आत आला. "यांना बाहेरचा रस्ता दाखवा," असं ते म्हणाले नाहीत, सभ्य होते. "यांच्यासाठी दार धरा," म्हणाले.

भर व्हरांड्यात माझी मान खाली. शिपाई दार धरून उभा, मी बाहेर पडतोय, आणि समोरच्या बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मी कोणी मोठा अधिकारी. अपमान व्हावा आणि वर सलामही मिळावा, असं फक्त माझ्याच नशिबी.

घरी आलो तर आक्का म्हणाली, "जाऊ दे रे. मी बाहेर बसून ऐकेन. ट्रकवाल्यालाच सांगू, जरा हळू जा म्हणून." हसत म्हणाली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी तिला शाळेतून काढलं त्या दिवशीही ती असंच करत होती. शिकायचं मी, म्हणून काढलं. हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. निघालं तोंडातून.

दुसऱ्या दिवशी मी चार नंबरच्या खिडकीशी गेलो. अकरावी खेप. म्हणालो, "बाई, अर्ज मागे घेतो. आणि माझ्या खर्चाने, माझ्या हाताने लावतो पाइप. काय करतील?"

"काढून टाकतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "मुकादम येतो, कटर घेऊन. अनधिकृत बांधकामाला दोन दिवस." मग मागे वळून पाहिलं, खिडकीच्या जाळीशी आल्या. "काका, एक सांगू? या कार्यालयात ज्या गोष्टीच्या फाईलवर पुट अप पडलं, तिला कोणी हात लावत नाही. कारण लावला तर सगळ्या सह्यांना उत्तर देत बसावं लागतं. तुमचा कठडा नाहीये, म्हणून तो होत नाही. तो असता, तर गेलाही नसता."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या कोणी तक्रार दिली की अमुक ठिकाणी विनापरवाना कठडा बसवलाय, तर ती पण याच खिडकीत येणार. मीच शिक्का मारणार. आणि वर जाणार."

मला दोन मिनिटं लागली. मग डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे मी चोरी करायची, आणि चोरावर फिर्यादही मीच करायची?"

"मी कुठे काय म्हटलं?" बाई म्हणाल्या. "मी फक्त आवक-जावक बघते."

दोन रात्री झोप नाही. आयुष्यभर रांगेत उभा राहिलेला माणूस मी. बसमध्ये वाहक विसरला तर मी हाक मारून तिकीट मागतो. बुवांच्या पायाशी बसून सत्य, नीती, आचार ऐकलेले. ही म्हणाली, "अहो, खोटं कुठे आहे त्यात? कठडा विनापरवाना आहे, हे खरंच. तो तुम्ही लावला, हेही खरंच. तक्रार करावीशी वाटते, तेही खरंच. गेला महिनाभर दुसरं काय करताय?"

या बाईशी मी चव्वेचाळीस वर्षं वाद घालतोय. एकदाही जिंकलो नाही.

वेल्डर गुरुवारी पहाटे आला. आता सल्ल्यांची वेळ होती, तेव्हा सगळे हजर. विमावाले म्हणाले, साडेतीन फूट उंची हवी. सर म्हणाले, तीन. वेल्डर म्हणाला, "आजी कुठायत?" आक्काला आणलं. तिला पहिल्या पायरीपाशी उभं केलं. वेल्डर म्हणाला, "आजी, डोळे मिटा आणि धरायला हात पुढे करा." तिने हात पुढे केला. त्याने त्या हवेतल्या हाताखाली, उभ्या धरलेल्या खांबावर खडूने रेघ मारली. "इथे," म्हणाला. महिनाभर जे ड्रॉइंग मी जोडत होतो, ते त्याने एका रेघेत काढलं.

शुक्रवारी सकाळी मुकादम आला. लाल खडूने कठड्यावर फुली मारली. "उद्या दुपारी कापणार."

उद्या म्हणजे शनिवार. शेवटचा.

तक्रार लिहायची, पण सही कोणाची? सर म्हणाले, "माझं शासनाशी कधी वाकडं नाही." विमावाले म्हणाले, "यात जोखीम आहे," आणि विमावाल्याने जोखीम म्हटली की पुढे बोलणं खुंटतं. शेवटी मीच लिहिली. तीन प्रतींत. 'सभागृहाच्या पायऱ्यांवर एका वयस्कर इसमाने विनापरवाना लोखंडी कठडा बसवला असून मी ते स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे.' एक अक्षर खोटं नाही.

बाईंनी तक्रार वाचली. चेहऱ्यावर एक रेघ हलली असेल तर शपथ. फॉर्म पुढे ओढला.

"तक्रारदाराचं नाव?"

सांगितलं.

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच तेच नाव सांगितलं. रांगेतल्या मागच्या माणसाने घसा खाकरला.

"तक्रारदाराचं गैरअर्जदाराशी नातं?"

"जवळचं," मी म्हणालो.

"संबंध कसे?"

"सध्या बिघडलेले आहेत."

त्यांनी ते तसंच लिहिलं. धपाधप शिक्के. मग एरवी तासनतास बसून राहणाऱ्या त्या बाई खुर्चीवरून उठल्या, फाईल हातात घेतली आणि स्वतः जिना चढून वर गेल्या. जेवणाच्या सुट्टीआधी खाली आल्या. माझ्या प्रतीवर एक ओळ उतरवून दिली. हिरव्या शाईतून निळ्या शाईत. पुट अप.

शनिवारी दुपारी मुकादम आला, दोन माणसं आणि कटर घेऊन. मी पायरीवर बसलो होतो. कागद पुढे केला. त्याने ओठ हलवत वाचला. शेवटच्या ओळीशी आला आणि कठड्यावर टेकलेला हात असा उचलला, जणू पाइपमधून वीज खेळत असावी.

"याचं पुट अप झालंय होय?"

"कालच."

"आधी नाही का सांगायचं?" तो माझ्यावरच डाफरला. "आता याला मी हात लावला तर माझी नोकरी जाईल." आणि रुमाल काढून त्याने स्वतःच मारलेली लाल फुली पुसली. कशाला पुसलीस, विचारलं तर म्हणाला, "प्रकरण वर आहे. जैसे थे ठेवायचं असतं."

संध्याकाळी आक्का आली. मी हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला. "हो बाजूला. कठडा कशाला लावलाय मग?" पाच पायऱ्या ती एकटी चढली. प्रत्येक पायरीवर थांबली. चौथीवर थांबून मागे वळून म्हणाली, "वरचं टोक खरखरीत आहे. घासून घ्यायला काय झालं होतं?" गल्ली सगळी पाहत होती आणि चारचौघांत माझं चुकलंच. बुवांनी गाणं सुरू केलं नव्हतं, वाट पाहत होते. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, बरोबर त्यांच्या समोर, तेव्हा त्यांनी पेटीवाल्याकडे पाहिलं.

घसा फुटत होता त्यांचा. दोनदा थांबले. पण एक अक्षर वाया गेलं नाही. मी पाहत होतो ना, मी बुवांकडे नाही, आक्काकडेच पाहत होतो. पदराचं टोक सुटलं होतं. हात मांडीवर उघडे पडले होते, तळवे वर करून.

आता तुम्ही म्हणाल, मग राग कसला? कसला म्हणजे? मला न्याय कुठे मिळालाय? माझा पहिला अर्ज, मागे घ्यायचा राहिला तो, अजून वरखाली करतोय. परवा पोस्टमन दोन पाकिटं घेऊन आला. एकात तक्रारदाराला कळवलंय की आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे. दुसऱ्यात गैरअर्जदाराला विचारलंय की आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करा. दोन्ही पाकिटांसाठी मला दोन वेगळ्या सह्या कराव्या लागल्या. पोस्टमन म्हणाला, "दोघं एकाच घरात राहता? कठीण आहे." खुलासा मी लिहिणार आहे. असा लिहिणार आहे की साहेबांची सव्वीस वर्षांची सभ्यता ढवळून निघेल. ही म्हणते, "लिहा, पण पाठवू नका. पुट अप निघालं तर कठडा जाईल." म्हणजे बघा, ज्या दोन शब्दांनी मला घाम फोडला, त्यांच्यासाठीच आता रोज सकाळी मला देवाला म्हणावं लागतं की बाबा, असू दे.

पण तुम्ही माझ्यासाठी देवाकडे काही मागू नका. आक्कासाठीही नको, तिला मिळालं. त्या चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंचं मात्र असू द्या मनात. आभार मानायला गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, "कशाबद्दल, काका? पुढचा." निरूपणाला त्या कधी आल्या नाहीत, आणि त्यांचं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. कधी हात जोडाल तेव्हा देवाला नुसतं 'चार नंबरची खिडकी' एवढं म्हणा. तो ओळखेल.